भाताचा फोटू

माझं माहेर शहापूरकडचं, किन्हवलीच्या अलीकडं, आणि दिली मला इकडं मुरबाडच्या बाजूला, म्हशाच्या पलीकडं. तवा गाड्या नव्हत्या, माहेरला जायचं म्हणजे पायानं अख्खा दिवस मोडायचा, त्यामुळं मी जायचीच नाय आणि तिकडून कोणी यायचं नाय. आता दारात गाडी मिळते तर माहेरात माणूस उरलं नाय. असं हाय बघा. तुमी बोललात पहिल्यापासून सांगा म्हणून पहिल्यापासून सांगते, नायतर गावातली लोकं बोलतात हिला काय इचारू नका, ही सुरू झाली की थांबत नाय. थांबू कशाला, बोलायला माणूस मिळतो कुठं. आणि तो तुमचा मोबाईल तिथं ठेवलाय तो आईकतो ना सगळं, आईकूदे, पण नंतर मला माझाच आवाज लावून दाखवू नका, एकदा नातवानं लावला व्हता, मला नाय आवडला.

आमचे हे आणि माझे दीर, दोघं भाऊ. सासऱ्यानं जिता असताना दोघांना जमीन वाटून दिली, तलाठ्याकडं नोंद केली, सगळं रीतसर. यांच्या वाट्याला आलं ओढ्याकडचं शेत, आणि दिराच्या वाट्याला हे घराजवळचं, आपण बसलोय ना या पडवीतून दिसतंय ते. पण दिरानं मागून घर बांधलं ओढ्याच्या अंगाला, मंग त्याचं शेत आमच्या दारात आणि आमचं त्याच्या दारात. बैल घेऊन दोघं रोज एकमेकाला आडवे जायचे. एक दिवस बांधावर बसले, तंबाखू मळली, आणि बोलले तू माझं कर, मी तुझं करतो, ज्याचं त्याच्या दाराशी. झालं. कागद नाय, सही नाय. आमच्याकडं असंच करतात, तोंडानं बोललं ते बोललं, त्यावर आमच्यात कधी भांडण झालं नाय. म्हणजे बघा, सातबाऱ्यावर आमचं ते ओढ्याकडचं, पण त्यात पीक दिराचं, आणि हे दारातलं सातबाऱ्यावर दिराचं, पण पीक आमचं. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं सगळं यानंच झालं.

मला एकच पोरगा, जगू. जगूचे बा गेले त्या सालात जगू बोलला आय, सातबाऱ्यावर तुझं नाव लावायचं, माझं नाव लावायचं, कशाला दोन-दोन नावं, उद्या तुला हापिसात खेपा माराव्या लागतील, माझंच लावू. मी बोलली लाव. मुरबाडला जाऊन अंगठा दिला. मला त्यात काय वाईट वाटलं नाय, खरंच सांगते, माझं काय आणि त्याचं काय, मी मेल्यावर त्याचंच हाय. तो तवा डोंबिवलीला कंपनीत लागला व्हता. शेत मी करायची. रोपासाठी राब भाजायचा मी, पेरायचं मी, लावणीला बाया सांगून आणायच्या मी, कापणी, झोडणी सगळं मीच. जगू विकायच्या टायमाला एखादी खेप मारायचा.

आता पोरगा लांब गेला की येणं कमी होतं हे मला काय कोणी सांगायला नको. पहिला महिन्याला यायचा. लगीन झालं, मंग सणाला. मंग त्यांनी गणपती तिकडंच बसवायला घेतला, बिल्डिंगीत, बोलला आय तूच ये इकडं. म्हशाच्या जत्रेला यायचा, ते पण बंद झालं, पोराची परीक्षा असते बोलला. परीक्षा त्याच्या पोराची, जगूला काय त्यात बसायचं व्हतं का. पण मी बोलली नाय काय. मी तोंडानं फाटकी हाय, सगळ्या गावाला शिव्या घालते, पण जगूला बोलायला गेली की माझी जीभ मऊ पडते, ही माझी जन्माची खोड हाय. येतो बोलला की मी हो बोलायची, येत नाय बोलला तरी हो बोलायची.

मंग सरकारनं ते बोनसचं काढलं. भात लावलंय त्याला सरकार पैसे देतं, खात्यात, पण त्याला मोबाईलवरून पीक लावावं लागतं. पीक लावायचं म्हणजे तुमाला माहीत असंल, शेतात उभं ऱ्हायचं आणि भाताचा फोटू काढायचा. घरी बसून नाय चालत, शेतापासून लांब उभं राहिलं तर तो मोबाईल फोटूच घेत नाय. आणि नाव जगूचं, मोबाईल जगूचा, मला तर हा बटणांचाच येतो, तो पण हिरवं दाबायचं की लाल यात गोंधळ. मंग काय, जगूला येणं भाग पडलं. पहिल्या साली आला तो भादव्यात, कंपनीची रजा टाकून. सकाळीच आला, या दारातल्या शेतात उभा राहिला, आणि मोबाईल काय फोटू घेईना. बोलतो तुमी तुमच्या शेतात नाय. जगू तापला. पँट गुडघ्याच्या वर, पायाला चिखल, बोलला आय, हे काय हाय, बापाचं शेत आणि मोबाईल बोलतो माझं नाय.

मला हसू आलं. मी त्याला बोलली अरे, मोबाईल बरोबर बोलतो, चल माझ्याबरोबर. आणि त्याला घेऊन निघाली ओढ्याकडं. बांधाबांधानं मी पुढं आणि तो मागं, आणि जाताना त्याला सगळं सांगितलं, आजानं वाटणी कशी केली, बा आणि काका कसे बसले, काय बोलले. त्याला कायच माहीत नव्हतं हो. तो आईकत व्हता, खरंच आईकत व्हता, मधीच इचारायचा मंग काका काय बोलला, मंग बा काय बोलला. तिथं पोचलो तर मोबाईलनं पटकन फोटू घेतला. काकाच्या पिकाचा फोटू आणि बोनस आमाला, जगू हसला, बोलला आय, हे सरकारला कळलं तर. मी बोलली सरकारला भात पायजे, भात हाय. येताना तो ओढ्यात उतरला, दगड उलटेपालटे करून मुठे, ते ओढ्यातले खेकडे, धरले, लहानपणी धरायचा तसे, तिखट रस्सा केला मी आणि तांदळाच्या भाकरी. संध्याकाळची गाडी चुकवली त्यानं. राहिला. सकाळी गेला.

तुमाला काय सांगू, मला बोनसचं काय नव्हतं, बोनस त्याच्या खात्यात जायचा, त्यातनं तो मला देतो हातात, नाय बोलायचं कारण नाय. पण त्या बोनसनं माझा पोरगा आणला. पुढच्या साली परत आला. त्याच्या पुढच्या साली परत. श्रावण सुरू झाला की माझं चित्त तिकडं, भात जोर धरतंय का बघायचं, जगूच्या भाजीला कंटोली कुठं लागलीत ती हेरून ठेवायची, कोणाला तोडू द्यायची नाय. बाया बोलायच्या म्हातारीला गणपतीपेक्षा फोटूचीच घाई. असूदे. दर साली आमी दोघं बांधानं ओढ्याकडं जायचो, दर साली तो इचारायचा आय, तो काकाचा किस्सा सांग, आणि मी सांगायची. दीर वारला व्हता तोवर, त्याचा पोरगा कल्याणला, शेत कोणाकोणाला लावायला देतो, त्याला यातलं काय माहीत नाय. मला आणि जगूला माहीत, तेवढंच.

गेल्या साली काय झालं, आपली वैशाली हाय ना, तिकडं देवळाजवळ ऱ्हाते ती, आमच्या गावची सून, दोन पोरांची आय हाय, शिकलेली. तिला सरकारनं नेमली. ज्यांना यायला जमत नाय त्यांचं पीक ती लावणार, तिच्या मोबाईलवरून. चांगली बाय हाय, मला तिच्याबद्दल वाकडं बोलायचं नाय. ती दारात आली आणि बोलली काकी, आता जगूभाऊंना रजा टाकायला नको, खेप वाचली त्यांची, मी त्यांना फोन पण केला, ते बोलले बरं झालं.

बरं झालं, असं बोलला तो.

मी कंटोली तोडून आणली व्हती, सुपात पडली व्हती. वैशाली बोलली चला काकी, शेत दाखवा. मी तिला हे दारातलं दाखवलं. बोलली हेच आमचं. आणि मी काय खोटं बोलली का, सांगा तुमी, यातच माझा जन्म गेला. ती उभी राहिली, मोबाईल घेईना. इकडं फिरली, तिकडं फिरली, बोलली काकी, हा तर ओढ्याच्या बाजूला दाखवतो, तिकडं हाय का तुमचं काय. मी बोलली नाय बाय, तिकडं आमचं कायच नाय, लोकाच्या पिकात पाय घालू नको. आता ती सून, मी सासूच्या वयाची, ती काय बोलणार मला. तिनं तिथंच उभं राहून जगूला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

जगू घाईत व्हता, मागं मशीनचा आवाज. बोलला आय, तिला काकाचं शेत दाखव ना, ओढ्याकडचं, तूच नाय का मला दाखवलंस. आणि मला राग आला व्हता, बरं झालं बोलला त्याचा राग पोटात व्हता, आणि माझ्या तोंडातून गेलं, मी? कधी?

एवढंच बोलली मी. रागात माणूस बोलतं तसं. पण तिकडं मशीनचा आवाज लांब गेला, म्हणजे तो बाहेर आला असंल, आणि मंग बोलला आय, जेवलीस का गो तू. असा बोलला, काय सांगू तुमाला, लहान असताना मला ताप आला की माझ्या कपाळावर हात ठेवून बोलायचा तसा. किती वर्षं झाली असतील तो आवाज आईकून. तवाच मी बोलायला पायजे व्हतं की अरे गंमत केली, सगळं ध्यानात हाय माझ्या, तंबाखूसकट ध्यानात हाय. आणि मी काय बोलली, तर ध्यानात नाय, जेवली असंन.

त्या रविवारी तो आला. सुनेला घेऊन आला, नातवाला घेऊन आला, भाड्याची गाडी करून. बोनसचं कोणी नाव काढलं नाय, ते त्यानं जाता जाता ओढ्याकडं जाऊन उरकलं, एकटाच गेला. सून माझ्या पाठीवरून हात फिरवत व्हती. ती वाईट नाय, पण तिनं कधी माझ्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. मला कल्याणला डॉक्टरकडं नेली. डॉक्टर चांगला व्हता, हळू बोलायचा, बोलला आजी, मी तीन वस्तू सांगतो, ध्यानात ठेवा, मंग इचारतो. खुर्ची, आंबा, छत्री. मधी त्यानं मला महिना इचारला, वार इचारला, गाव इचारलं, मंग बोलला सांगा आता. जगू शेजारी बसला व्हता, माझा हात त्याच्या हातात, घट्ट. मी बोलली खुर्ची, छत्री, आणि थांबली. आता आंबा कोण इसरतं हो. पण मी थांबली. जगूनं माझा हात आणखी दाबला. डॉक्टर त्याला बोलला वयानं होतं, आता एकटं सोडू नका फार.

मंग मला डोंबिवलीला नेली. म्हटलं बघू, याच्याजवळ तरी राहीन. पण तिथं तो कुठं असतो. सकाळी तो जातो, सून जाते, पोरगा शाळेत, आणि मी बाहेर पडून चुकेन म्हणून दाराला बाहेरून कुलूप. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीच्या खिडक्या, त्यातलं पण माणूस कामाला गेलेलं. संध्याकाळी जगू दमून यायचा, टीव्हीकडं बघत जेवायचा. मला वाटलं हे तर गावापेक्षा वाईट झालं, गावाला निदान कुलूप आतून लावते मी. जेवणच सोडलं मी. मंग जगू बोलला बरं, राहा गावाला, पण शेत बंद. शेत करायचं नाय आता, कुठं पडलीस, कुठं गेलीस, मला कळणार पण नाय. मी काय बोलणार, बोलायला गेली तर सगळंच सांगावं लागलं असतं. हो बोलली.

हे दारातलं त्यानं खालच्या आळीतल्या धोंडूला दिलं, अर्ध्या वाट्यानं. वैशाली सकाळ-संध्याकाळ डोकावते. जगू रोज संध्याकाळी फोन करतो, आणि एक आड एक रविवार येतो. येतो हो. दुपारी येतो, जेवतो, माझ्या बाजूला इथं पडवीत बसतो. ओढ्याकडं जात नाय आता आमी, बोलतो पाय घसरेल तुझा. काकाचा किस्सा पण इचारत नाय, तोच मला सांगतो. आय, बा आणि काका बसले व्हते ना बांधावर, आठवतं का, तंबाखू मळली, असं सांगतो, आणि मधी चुकतो, तंबाखू बानं मळली व्हती तर काकानं मळली बोलतो. मी आईकते. बोलते असंल बाबा.

आणि धोंडू. त्यानं या साली वरच्या कोपऱ्यात, जिथं पाणी उभं राहत नाय, तिथं उशिरा पिकणारं बियाणं लावलं. दिवाळीच्या आधीच ते वाळणार, मला दिसत व्हतं इथून. एक दिवस नाय राहवलं, आरडली मी इथून, अरे गाढवा, तिथं हळवं लावायचं, लवकर येणारं, वर पाणी कुठं हाय. धोंडूनं काय केलं असंल. खूश झाला तो, सरळ जगूला फोन लावला, बोलला भाऊ, म्हातारी आज बरोबर बोलली, एकदम पहिल्यासारखी. आणि जगू संध्याकाळी मला बोलला आय, बरं वाटतंय ना तुला, धोंडू सांगत व्हता, मंग हा रविवार सोडतो गो मी, कंपनीत काम हाय. त्या दिवसापासून मी धोंडूला काय बोलत नाय. त्यानं मधला बांध फोडून पाणी वाया घालवलं, नाय बोलली. वरचा कोपरा वाळतोय, तुमाला दिसतंय का, पिवळा पडलाय तो. मला सगळं कळतं आणि मी इथं बसून शेंगा सोलते.

तुमी लिवणार हे सगळं, लिवा. जगू वाचंल ही भीती नाय मला, त्याला टाईम कुठं हाय.

फोनवर तो मला वार इचारतो. आय, आज वार कोणता. कधी बरोबर सांगते, कधी मंगळवारला गुरवार सांगते. गुरवार सांगितलं की बोलतो बरं बरं, आणि त्या आठवड्याला येतो. हे मला कळलं, काय करू, कळलं ते कळलं. काय जेवलीस इचारतो, मी कधी कालचं सांगते. पाप हाय का हो हे. मला पण माहीत हाय काय हाय ते. पण श्रावणात तुमी या घरात एक आठवडा राहून बघा, पाऊस असा लागलेला, कोण नाय दारात, वैशाली पण छत्री घेऊन उंबऱ्याबाहेरूनच इचारून जाते, मंग सांगा मला.

परवा संध्याकाळी फोन आला. नेहमीचं इचारून झालं आणि मंग बोलला, आय, मी कोण बोलतोय सांग. पहिल्यांदाच इचारलं असं. डॉक्टरनं सांगितलं असंल इचारायला. मला एका क्षणात सगळं कळलं, की मी आता नाय माहीत बोलली तर हा पोरगा हातातलं टाकून निघंल, कसाऱ्याच्या गाडीत बसंल, मिळंल त्या गाडीनं येईल आणि येऊन मला धरून बसंल, आठ दिवस जाणार नाय. तोंड उघडलं मी. बोलायचंच व्हतं. वार चुकवला, आंबा चुकवला, माझं शेत मी चुकवलं, हे पण चुकवायचं एवढंच. आणि नाय आलं. जगू, बोलली मी, जगू हायस ना रे तू माझा, दुसरं कोण असणार. तो मोठ्यानं हसला, रडला पण असंल, बोलला हो आय, हो, जगूच, आणि बोलला बघ, मी उगाच घाबरत व्हतो, तू बरी होतेस.

सुखात ऱ्हाऊदे त्याला, त्याच्या पोराला, सुनेला पण. माझी काय तक्रार नाय. तुमी हात धुवा, आतमधी घागर हाय, जेवूनच जा. भाकरी जास्त टाकल्यात मी आणि मुठ्यांचा रस्सा हाय, धोंडूच्या पोरानं आणून दिले. आज रविवार हाय, त्याच्या पाळीचा, तेवढं मला माहीत हाय.